पडद्यामागची शाळा : फॅशन शोमधल्या इंटर्नकडून आपण काय शिकावे?



स्नेहसंमेलन जवळ आलं की आपल्या शाळेत एक प्रश्न हमखास येतो. नाचात कोण, नाटकात कोण, हे ठरतं. मग उरलेल्या मुलांचं काय करायचं? आपण म्हणतो, "तू पिशव्या सांभाळ", "तू कपडे दे". आणि विषय संपतो. मीही इतकी वर्षं हेच करत आले. पण गेल्या वर्षी माझ्या भाचीमुळे या 'उरलेल्या' कामाकडे बघण्याची माझी नजर बदलली. म्हणून आजचा हा पाठ.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी मुंबईत फॅशन डिझाइनचं शिक्षण घेते. दुसऱ्या वर्षाला असताना तिला एका मोठ्या फॅशन कार्यक्रमात पडद्यामागे इंटर्न म्हणून काम मिळालं. इंटर्न म्हणजे शिकता शिकता प्रत्यक्ष कामाच्या जागी उमेदवारी करणारा विद्यार्थी. घरी सगळ्यांना वाटलं, आता ही टीव्हीवर दिसणार! पण ती चार दिवसांनी घरी आली ती पाय सुजवून. काय काम केलंस विचारलं तर म्हणाली, "कपड्यांना वाफ दिली, बुटांच्या तळव्याला पट्टी चिकटवली, मॉडेलना कपडे घालून दिले." ताई एकदम चिडली. "एवढी फी भरली, ती दुसऱ्याच्या चपला लावायला?"

भाची शांतपणे म्हणाली, "आई, चपला लावायलासुद्धा शिकावंच लागतं गं."

त्या रात्री मी तिला खोदून खोदून विचारलं. तिने जे सांगितलं ते तुमच्यासमोर मांडते. शेवटी वर्गात घेण्यासाठी उपक्रमही दिले आहेत.

थोडी पार्श्वभूमी

आपल्या देशात फॅशन डिझाइनचं शिक्षण पद्धतशीरपणे देणारी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. मुंबईचं केंद्र १९९५ चं, ते आज नवी मुंबईत खारघरला आहे. डिझायनर मंडळींची फॅशन डिझाइन कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली आणि २००० मध्ये दिल्लीत भारतातला पहिला फॅशन वीक भरला. पुढे मुंबईतही असे सोहळे नियमित होऊ लागले. अशा एका सोहळ्यात काही दिवस रोज अनेक शो होतात. प्रत्येक शोला कपडे सांभाळणारे बरेच हात लागतात. त्यातले कितीतरी हात फॅशनच्या विद्यार्थ्यांचे असतात.

पडद्यामागे नेमकं काय चालतं?

प्रेक्षकांना शो दहा-पंधरा मिनिटांचा दिसतो. त्यामागची तयारी मात्र आदल्या दिवसांपासून सुरू झालेली असते. टप्प्याटप्प्याने पाहू.

१) मापं बघणं. शोच्या आधी प्रत्येक मॉडेलला तिचे कपडे घालून पाहतात. कुठे सैल, कुठे घट्ट, ते टाचण्या लावून ठरवतात. शिंपी लगेच दुरुस्ती करतात. सगळं बरोबर झालं की त्या पूर्ण वेषाचा फोटो काढतात. अशा एका पूर्ण वेषाला 'लूक' म्हणतात. त्यात कपडे, दागिने, पादत्राणं, सगळंच आलं.

२) तक्ता. फोटो कागदावर छापून त्यावर लूकचा क्रमांक, मॉडेलचं नाव, बुटाचा नंबर, कोणता दागिना कोणत्या कानात, पदर कुठल्या खांद्यावर, बाही दुमडायची की नाही, हे सगळं लिहितात. हा कागद त्या मॉडेलच्या रॅकला अडकवतात. शिवाय सगळ्या लूकचे फोटो क्रमाने लावलेला एक मोठा फलक असतो.

३) मांडणी. प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा रॅक किंवा रॅकचा वेगळा भाग. आधी घालायचा वेष पुढे, नंतरचा मागे. दागिने छोट्या पिशवीत घालून त्याच हँगरला बांधायचे. बूट खाली, टाचा आपल्याकडे, बक्कल उघडलेले.

४) कपड्यांची निगा. भरतकामाच्या किंवा नाजूक रेशमी कापडावर तापलेली इस्त्री टेकवायची नाही, वाफ द्यायची. बुटाचे तळवे घासू नयेत म्हणून पट्टी चिकटवायची. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरायची, नाहीतर झग्याची कड मळते.

५) कपडे घालून देणं. या कामाला 'ड्रेसर' म्हणतात. केस आणि मेकअप आधी झालेला असतो. त्यामुळे डोक्यावरून कपडा घालताना चेहऱ्यावर पातळ कापड धरतात, म्हणजे कपड्याला रंग लागत नाही आणि मेकअपही बिघडत नाही. ड्रेसर स्वतः काळे कपडे घालतात. चुकून पडद्याच्या फटीतून दिसले तरी नजर तिकडे जाऊ नये म्हणून.

६) आवराआवर. टाळ्या वाजल्या की प्रेक्षक निघतात, इंटर्नचं काम मात्र पुन्हा सुरू होतं. यादी हातात घेऊन एकेक वस्तू मोजायची. दागिने बरेचदा मागून आणलेले असतात. एक कानातलं कमी भरलं तरी शोधल्याशिवाय घरी जायचं नाही.

शिक्षक म्हणून हे ऐकताना माझ्या लक्षात आलं, वर्गीकरण, क्रम लावणं, चित्र वाचणं, यादीशी पडताळणी करणं, हे तर आपण पहिली-दुसरीतच शिकवतो! आपण मण्यांच्या माळा आणि चित्रकार्डं घेऊन शिकवतो, एवढाच फरक.

दोन मिनिटांचं गणित

पाचवीच्या मुलांना द्यायला एक छान उदाहरण या कामातून मिळतं. समजा, एका शोमध्ये ४० लूक आहेत आणि शो १२ मिनिटांचा आहे. १२ मिनिटं म्हणजे ७२० सेकंद. ७२० ला ४० ने भागलं तर दर १८ सेकंदांनी एक मॉडेल रॅम्पवर जायला हवी.

आता एका मॉडेलचे लूक ५ आणि १७ या क्रमांकांचे आहेत. मधलं अंतर १२ लूकचं. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ सेकंद. त्यातले ५० सेकंद तिचे रॅम्पवर चालून येण्यात जातात. रॅकपर्यंत यायला १५ सेकंद. पुन्हा रांगेत ३० सेकंद आधी उभं राहायचं. एकूण ९५ सेकंद गेले. उरले १२१ सेकंद.

म्हणजे जेमतेम दोन मिनिटं! त्यात जुना वेष काढायचा, नवा घालायचा, दागिने बदलायचे, बूट बदलायचे. बक्कल आधीच उघडून का ठेवायचं, ते आता कळलं ना? आदल्या दिवशीच्या मांडणीत जो आळस केला, तो या १२१ सेकंदांत अंगाशी येतो.

तुटलेली चेन

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला बसले, तो सांगते.

तिसऱ्या दिवशीच्या शोमध्ये भाचीकडे दोन मॉडेल होत्या. दुसऱ्या लूकला एका झग्याची पाठीमागची चेन लावताना तिने घाईत जोरात ओढली. आतलं अस्तर चेनमध्ये अडकलं आणि चेनची पकड तुटून तिच्या हातात आली. समोर चार मॉडेल रांगेत, पाचवी हिची.

ती म्हणाली, "मावशी, क्षणभर मनात आलं की केस पाठीवर सोडून झाकून टाकावं. कुणाला कळलं नसतं. निदान माझी चूक आहे हे तरी कळलं नसतं."

पण तिने हात वर केला आणि मोठ्याने सांगितलं, "चेन तुटली. माझ्याकडून." तिथल्या प्रमुख ताई धावत आल्या. कशी तुटली, का तुटली, एक शब्द विचारला नाही. शेजारी शिंपीकाका सुईत दोरा ओवून बसलेलेच असतात. त्यांनी अंगावरच झगा पाठीवर टाके घालून शिवून टाकला. तोपर्यंत क्रम सांभाळणाऱ्या माणसाने मागच्या मॉडेलला एक जागा पुढे घेतलं. शो थांबला नाही. समोरच्या लोकांना काहीही समजलं नाही.

शो संपल्यावर भाची रडवेली होऊन उभी होती. आता बोलणी बसणार! प्रमुख ताई आल्या, तुटकी चेन हातात घेतली आणि म्हणाल्या, "चेन ओढताना दुसऱ्या हाताने खालचं टोक ताणून धरायचं. अस्तर आत जात नाही. ये, करून दाखव." तिच्याकडून तीनदा करून घेतलं. बस्स. विषय संपला.

हे ऐकून मी गप्प बसले. कारण मला माझ्या शाळेतलं एक स्नेहसंमेलन आठवलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या तिसरीच्या वर्गाचं कोळीनृत्य होतं. नाचात न घेतलेल्या एका मुलीकडे मी दागिन्यांचा डबा दिला होता. ऐनवेळी एका मुलीच्या एका पायात पैंजण नव्हतं. तशीच ती स्टेजवर गेली. मागे आल्यावर मी डब्यावाल्या मुलीला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "एवढंसं काम नीट करता येत नाही?" ती मान खाली घालून उभी. नंतर कळलं, पैंजण हरवल्याचं तिला नाच सुरू व्हायच्या अर्धा तास आधीच माहीत होतं. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "बाई, तुम्ही ओरडाल म्हणून."

अर्ध्या तासात मी दुसरं पैंजण कुठूनही आणलं असतं. समोर बसलेल्या कितीतरी आयांकडे मिळालं असतं. पैंजण डब्यातून हरवलं हे खरं, पण मुलगी एका पायाने वाजत नाचली ती माझ्या ओरडण्याच्या भीतीमुळे. आणि ती भीती त्या दिवशीची नव्हती. वर्षभर मी वहीतल्या खाडाखोडीवर, सांडलेल्या पाण्यावर, विसरलेल्या पेन्सिलीवर जशी बोलत होते, त्यातून ती साठत गेली होती.

पडद्यामागच्या कामात चूक होणारच हे सगळ्यांनी धरलेलं असतं. म्हणून तर सुईत दोरा आधीच ओवलेला असतो! तिथे खरा धोका लपवलेल्या चुकीचा असतो. चूक वेळेवर सांगितली तर ती दोन-चार टाक्यांत निभावते. लपवली तर रॅम्पवर, सगळ्यांच्या देखत उघडी पडते.

आणि चूक लगेच सांगण्याची ही सवय विसाव्या वर्षी कॉलेजात लागत नाही. ती लागते, किंवा मोडते, ती आपल्याच वर्गात, पहिली ते चौथीत. आणि घरीसुद्धा. कप फुटल्यावर आपला पहिला शब्द काय असतो, "कुणी फोडला?" की "पाय जपा, काच आहे"? पालकांनी जरूर विचार करावा.

हे काम हलकं आहे का?

ताईचा प्रश्न खोटा नव्हता. मुलीने फी भरून हमालीच करायची का? यावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली. कोल्हापुरात १९२९ मध्ये जन्मलेल्या भानू अथैय्या यांचं नाव आपण मुलांना सांगायलाच हवं. त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि चित्रपटांसाठी वेषभूषा करू लागल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पडद्यावर एकदाही न दिसता, कपड्यांच्या कामातून मिळालेला हा मान आहे. कुठलाही मोठा डिझायनर कापड हाताळल्याशिवाय, टाचणी टोचून घेतल्याशिवाय तयार होत नाही.

दुसरी. काम हलकं नसतं, पण कामाच्या नावाखाली मुलांना राबवून घेतलं जाऊ शकतं. हे दोन्ही खरं आहे. म्हणून मूल कुठेही उमेदवारीला जाणार असेल तर पालकांनी आधीच काही गोष्टी विचाराव्यात :

- कामाचे तास किती? रात्री उशीर झाला तर परत येण्याची सोय काय?
- मानधन आहे का? नसेल तर प्रवासखर्च आणि जेवण तरी मिळेल का?
- कुणाच्या हाताखाली काम करायचं? अडचण आली तर कुणाला सांगायचं?
- महागडी वस्तू हरवली किंवा तुटली तर जबाबदारी कुणाची?
- काम संपल्यावर प्रमाणपत्र मिळेल का? त्यात कामाचं स्वरूप लिहिलेलं असेल का?

हे विचारण्यात लाज कसली? जिथे चांगलं शिकवतात तिथे या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळतात. भाचीला जेवण, प्रवासखर्च आणि प्रमाणपत्र मिळालं, मानधन मिळालं नाही. चार दिवस पायावर उभं राहून केलेल्या कामाचे थोडे तरी पैसे मिळायला हवे होते, असं मला आजही वाटतं.

एक महत्त्वाचा नियम : फोटो नाही

भाचीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कपडे बदलण्याच्या जागी कुणीही मोबाईलने फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही. तिथे माणसं कपडे बदलत असतात. त्यांचा मान राखणं हा कामाचाच भाग आहे.

आता आपलं स्नेहसंमेलन डोळ्यांसमोर आणा. एकाच वर्गखोलीत मुलं-मुली कपडे बदलतात, दार सताड उघडं, आणि कौतुकाने व्हिडिओ काढणारी मंडळी खिडकीत. लहान आहेत, काय होतंय, असं आपण म्हणतो. लहान असली तरी ती माणसंच आहेत ना? मुलांसाठी वेगळी खोली, मुलींसाठी वेगळी, खिडकीला चादर आणि आत मोबाईल बंद. एवढं तर बिनखर्चात होतं. आमच्या शाळेत यंदापासून आम्ही हे सुरू केलं आहे.

वर्गात काय घेता येईल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची कल्पना मांडली आहे. आपल्या गावात फॅशन शो नसेल, पण शिंपी, इस्त्रीवाले, मंडपवाले आणि ब्लाउजवर आरीकाम करणाऱ्या ताई नक्की असतात. प्राथमिक वर्गांसाठी मी हे उपक्रम करून पाहिले आहेत :

उपक्रम १ : माझा तक्ता. गणवेशातल्या एका मुलाचं चित्र काढून त्याच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहायचं. टाय, पट्टा, मोजे, ओळखपत्र. दुसऱ्या मुलाने तो तक्ता वाचून काय कमी आहे ते शोधायचं. (पहिली, दुसरी)

उपक्रम २ : क्रम लावा. वेष बदलण्याच्या आठ कृती चिठ्ठ्यांवर लिहून द्या. गटाने योग्य क्रम लावायचा आणि तसाच का लावला ते सांगायचं. (तिसरी)

उपक्रम ३ : सेकंदांचं गणित. वर दिलेलं उदाहरण संख्या बदलून सोडवून घ्या. (चौथी, पाचवी)

उपक्रम ४ : 'माझ्याकडून झालं' फळा. वर्गाच्या कोपऱ्यात लहान फळा ठेवा. चूक झाली की मुलाने येऊन सांगायचं आणि ती कशी दुरुस्त केली ते एका वाक्यात लिहायचं. नाव लिहायचं नाही. पहिलं वाक्य शिक्षकांनी लिहावं. मी लिहिलं होतं, "माझ्याकडून हजेरीत एकाची गैरहजेरी चुकून लागली. मी ती खोडून सही केली." मुलं इतकी हसली! दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार वाक्यं होती.

उपक्रम ५ : पडद्यामागची नावं. स्नेहसंमेलनाच्या शेवटी कपडे, दागिने, पडदा, सामान सांभाळणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव माईकवरून वाचा आणि त्यांना स्टेजवर बोलवा.

चर्चेसाठी प्रश्न

१. पडद्यामागे काम करणारे काळे कपडे का घालतात?
२. सुईत दोरा आधीच ओवून का ठेवतात? तुमच्या घरात अशी आधीच करून ठेवलेली तयारी कोणती?
३. चूक लपवली तर काय होतं? सांगितली तर काय होतं? स्वतःचा अनुभव सांगा.
४. तुमच्या गावातल्या कोणत्या कार्यक्रमात पडद्यामागे सर्वांत जास्त माणसं राबतात?

यंदाच्या स्नेहसंमेलनात मी दागिन्यांचा डबा कुणाकडे दिला असेल? माझ्या वर्गातल्या सर्वांत व्यवस्थित मुलाकडे. त्याला एक यादी आणि एक जादा पैंजण दिलं आणि सांगितलं, "काही हरवलं तर पळत माझ्याकडे यायचं. मी ओरडणार नाही." कार्यक्रमाच्या आधी तो दोनदा पळत आला. एकदा बांगडी फुटली म्हणून, एकदा गजरा कमी पडला म्हणून. दोन्ही वेळा काम निभावलं.

पैंजणवाली ती मुलगी आता सातवीत आहे. मदतीला म्हणून ती मागे आली होती. मी तिला म्हटलं, "त्या वेळी मी उगाच ओरडले गं तुला. चूक माझी होती." ती लाजली, काही बोलली नाही. मग खाली बसून एका छोटीच्या पायात पैंजण बांधायला लागली.

तुमच्या शाळेत पडद्यामागची कामं कशी वाटता, मुलं चुका सांगतात का, हे जरूर कळवा.